उसाचा हंगाम आणि घरातला ट्रेनर

सोलापुरात सायकल चालवायचा खरा मोसम हिवाळाच. मार्च उजाडला की सकाळी नऊलाच डांबर तापायला लागतं. तरी गेल्या हिवाळ्यात नेमकी त्याच गोड दिवसांत मी सायकल घरात ट्रेनरवर, म्हणजे ती जागच्या जागी चालवता येते अशा चौकटीवर, चढवली. हे ऐकून लोक आधी हसतात. आमच्या दुरुस्तीवाल्यानं तर तोंडावरच विचारलं, "मॅडम, रोड काय कमी पडलालाय का तुम्हाला?"

रोड भरपूर होता, उजेड नव्हता. माझी शाळा सकाळच्या सत्रातली. जानेवारीत आमच्याकडे सूर्य उगवतो साताच्या सुमारास, आणि तोवर मी शाळेच्या वाटेला लागलेली असते. मग सायकलला उरते पहाटेची वेळ, नाहीतर संध्याकाळ, दोन्हीकडे अंधारच. त्यात हे दिवस गाळपाचे. राज्यातले सगळ्यात जास्त साखर कारखाने आमच्या जिल्ह्यात. दिवाळीच्या मागेपुढे बॉयलर पेटले की मार्चपर्यंत पंढरपूरचा रस्ता धरा की अक्कलकोटचा, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला ऊस आणि वर कर्ण्यावर गाणी. रिफ्लेक्टर असला तर नशीब. चालत्या ट्रॉलीची मला तितकी भीती वाटत नाही, ती ऐकू तरी येते. पंक्चर होऊन रस्त्यातच बिनदिव्याची उभी राहिलेली ट्रॉली मात्र आपल्या दिव्याच्या झोतात येते तेव्हा ब्रेक लावायला फार जागा उरलेली नसते. मार्डीच्या रस्त्यावर एका पहाटे अशा ट्रॉलीच्या मागच्या फळीपासून मी जेमतेम हातभर अंतरावर थांबले. घरी येऊन चहा घेतला आणि ट्रेनरची चौकशी सुरू केली.

नुसता घाम गाळायचा असता तर जिमची सायकल चालली असती. पण २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, झाली होती आणि आता ३०० ची करायची होती. तीनशेला वेळ मिळतो २० तासांचा. सपाटीवर मी तो काढला असता; मी निवडलेल्या मार्गात मात्र वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट होता, आणि सोलापूरकराच्या पायांना घाट ठाऊकच नसतो. आमच्याकडे चढ म्हटलं की तुळजापूरच्या अलीकडचा तेवढा एक. तो संपेपर्यंत पायांना कळतं की हा चढ होता.

मी शाळेत गणित-विज्ञान शिकवते, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. वाई ते पाचगणी चढाई उभ्या मापानं पावणेसहाशे-सहाशे मीटरची. मी आणि सायकल मिळून ७० किलो धरले, तर नुसतं एवढं वजन तेवढ्या उंचीवर न्यायला सुमारे चार लाख ज्यूल लागतात. मी १२० वॉटनं पॅडल मारत राहिले तर या कामाला पंचावन्न मिनिटं, आणि टायरचं घर्षण, हवा हे धरून तासाच्या वर. म्हणजे मला तयारी करायची होती ती सलग तासभर, न थांबता, जड गिअरवर पाय फिरवत राहण्याची. रस्त्यावर आमच्याकडे हे जमत नाही. गावं येतात, गतिरोधक येतात, म्हशी येतात. ट्रेनरवर जमतं. हा हिशेब मी आधी केला होता म्हणून पुढे दुकानदारांपुढे टिकले.

पहिला ट्रेनर आला तो उसना. एका डॉक्टर मित्राच्या माळ्यावर धूळ खात पडलेला, साधा मॅग्नेटिक. लोखंडी चौकट, मागच्या चाकाचा आस दोन्हीकडून टोप्यांत आवळायचा आणि मागची गुंडी फिरवून रोलर टायरवर दाबायचा. सायकलच्या मूळ क्विक रिलीजच्या, म्हणजे चाक आवळणाऱ्या दांड्याच्या, जागी ट्रेनरसोबतचा स्टीलचा दांडा घालायचा, नाहीतर मूळ दांड्याची टोकं चेपतात. रोलरच्या दुसऱ्या टोकाला धातूची चकती असते, ती लोहचुंबकांसमोर फिरते आणि तिच्यात उठणाऱ्या प्रवाहांमुळे चाकाला अडथळा होतो. हँडलवरच्या खटक्यानं चुंबक जवळ-लांब करायचे, की झाले हलका-जड. दहावीला मी हेच फळ्यावर काढून शिकवते, आणि पोरं जांभया देतात.

आम्ही राहतो पूर्व भागात, अशोक चौकाच्या मागच्या अंगाला, वरच्या मजल्यावर. खाली घरमालकांचे माग. टॉवेल विणतात. ट्रेनर घ्यायचा म्हटलं की जो तो आधी आवाजाचं विचारतो: शेजारी काय म्हणतील? मला वाटलं, हा प्रश्न आमच्यापुरता निकालात निघाला. संध्याकाळी माग चालू असताना मी उसन्या ट्रेनरवर तासभर पॅडल मारलं, घरातल्या घरात कुणाला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बसले. माग बंद, गल्ली गार. पाच-सात मिनिटांत दारावर थाप. घरमालकांच्या आई, सगळ्यांच्या अव्वा, डोक्यावरून चादर घेऊन उभ्या. "काय गं, एवढ्या पहाटे कोणता माग चालू केलीस?" त्यांना आत नेऊन सायकल दाखवली. त्यांनी चाक बघितलं, रोलर बघितला, खाली वाकून जमिनीला हात लावला आणि म्हणाल्या, "आवाज नाही, हादरा आहे. माझी खाट हालायलीय."

अव्वांचं आयुष्य मागांच्या शेजारी गेलेलं. आवाज आणि हादरा यांतला फरक त्यांनी एका हातानं सांगितला. ट्रेनरची माहिती वाचताना डेसिबलचे आकडे मिळतात, पण जमिनीतून खाली जाणाऱ्या थरथरीबद्दल कुणी बोलत नाही. मी सतरंजी घडी करून घातली, तिचा काही उपयोग झाला नाही. शेवटी मालकांनीच मागाच्या पायाखाली घालतात तसले जाड रबराचे तुकडे दिले. ट्रेनरच्या पायांखाली ते घातले आणि अव्वांची खाट थांबली. बाजारात ट्रेनरची मॅट म्हणून जे विकतात त्याहून हे तुकडे सरस आहेत.

उसना ट्रेनर परत द्यायचा होता, आणि तसाही तो मला पुरणारा नव्हता. जड गिअरवर उभं राहून जोर लावला की टायर रोलरवर सटकायचा, आणि किती वॉटनं चाललंय याचा काही अंदाज नाही. मग पर्यायांचा विचार केला. रोलर्स, म्हणजे तीन नळ्यांवर मोकळी सायकल तोलत चालवायची, हा प्रकार मी चटकन बाजूला सारला. तोल सुधारतो म्हणतात, सुधारत असेल. पण मला पहाटे अर्धवट झोपेत भिंतीवर आदळायचं नव्हतं. राहिले दोन. एक फ्लुइड: यातही मागचं चाक रोलरवरच टेकतं, फक्त चुंबकाच्या जागी बंद डबीत दाट तेल असतं आणि त्यात पंखा फिरतो. जेवढा वेग वाढवाल तेवढा अडथळा आपोआप वाढतो, खटका लागत नाही. दुसरा डायरेक्ट ड्राइव्ह: मागचं चाक काढून ठेवायचं आणि सायकल सरळ ट्रेनरवरच्या कॅसेटला, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचाला, चेननं जोडायची. टायरचा संबंधच नाही. स्मार्ट असेल तर तो वॉट मोजतो, ॲपमधला चढ आला की स्वतः जड होतो.

वाचून सगळ्यांचं मत एकच दिसत होतं: पैसे असतील तर डायरेक्ट ड्राइव्ह, नसतील तर बाकीचे. इथं शहरात तो चालवून बघायला कुठे मिळेना, म्हणून एका रविवारी पुणं गाठलं.

दुकानातला मुलगा हुशार होता. त्यानं माझी उंची विचारून सीट लावून दिली, फोनवर ॲप जोडलं आणि म्हणाला, "मॅडम, आता फक्त चालवा." खोटं कशाला बोलू, पहिली दोन मिनिटं मी खूश होते. ट्रेनरमधलं पाच-सहा किलोचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, एकदा फिरायला लागलं की पाय थांबवले तरी सायकल रस्त्यावर घरंगळावी तशी फिरत राहते. रोलरवर टेकलेल्या चाकाला ही ओढ नसते; तिथं पाय थांबले की चाकही लगेच मरतं. मग त्यानं एर्ग मोड लावला, १५० वॉटवर. यात वॉट ठरलेले असतात. तुम्ही पाय हळू फिरवाल तर ट्रेनर तेवढा जड होतो, म्हणजे जोर आणि पायांचा वेग यांचा गुणाकार तोच राहतो. दमले, पाय मंदावले, तो आणखी जड झाला, पाय आणखी मंदावले, शेवटी पॅडल चिखलात रुतल्यासारखं अडलं. मुलगा हसून म्हणाला, "सगळ्यांचं पहिल्यांदा असंच होतं. जड व्हायला लागला की पाय आणखी जोरात फिरवायचे."

मी विचारलं, वीज गेली तर? तो म्हणाला, बहुतेक मॉडेलांत अडथळाच जातो, पाय हवेत फिरल्यासारखे फिरतात. टॅक्स कंपनीचा निओ विजेशिवायही चालतो, पण त्याच्या किमतीत माझ्या दोन सायकली आल्या असत्या. बिघडला तर? "कंपनीकडे पाठवावा लागतो, मॅडम." वजन? अठरा किलोच्या आसपास. अठरा किलोचं यंत्र खोक्यात भरून सोलापूरहून पाठवायचं आणि वाट बघायची, हे चित्र मी मनात रंगवून बघितलं. तोवर तो पुढचं मॉडेल लावत होता. "एकदाच घ्या मॅडम, नाहीतर वर्षभरात परत इथंच याल." हे वाक्य दुकानात फार परिणामकारक असतं. मी चहा पिऊन येते म्हणून बाहेर पडले आणि समोरच्या अमृततुल्यात बसून वहीत लिहायला सुरुवात केली.

मला हवं काय? तासभर सलग, जड गिअरवर, आणि आज लागलेला जोर कालच्याइतकाच की जास्त, हे कळणं. माझ्या सायकलची मागची रुंदी जुन्या पद्धतीची १३० मिलिमीटर, क्विक रिलीज, रिम ब्रेक, मागे ९ गिअरची कॅसेट. त्या दुकानातल्या ट्रेनरवर बसवलेली होती ११ ची. ती काढून ९ ची घालायची तर आत १.८५ मिलिमीटरची चकती टाकावी लागते. अशक्य काही नाही, पण कॅसेट वेगळी, चकती वेगळी. माझ्या मुलाची २१ गिअरची सायकल त्यावर बसणारच नव्हती. तिच्या मागच्या दातेरी चकत्या आट्यांवर फिरवून बसवलेल्या. आमच्या घरात वीज जाते, आणि जात नाही तेव्हा खाली माग सुरू होताना दिवे मिणमिणतात. शिवाय चढ दाखवणारं ॲप मला नकोच होतं. पडद्यावर कुणी परदेशातला डोंगर चढतोय आणि मी त्याच्यामागे, यात माझं मन रमत नाही. कुणाचं रमत असेल तर त्यांनी जरूर तोच घ्यावा. कंटाळा येऊन ट्रेनर माळ्यावर जाण्यापेक्षा ते कधीही स्वस्त.

वॉटचा प्रश्न मात्र खरा होता. फ्लुइड ट्रेनर स्वतः काही मोजत नाही. पण त्याच्या अडथळ्याचा आलेख ठरलेला असतो: या वेगाला इतके वॉट. मागच्या चाकाला वेगाचा सेन्सर लावला की ॲप त्या आलेखावरून वॉट काढून देतं. हा आकडा अंदाजी. पुण्यातल्या मुलानं मान हलवून म्हटलं, "दहा-वीस वॉट इकडेतिकडे होतील." होऊ देत की. मला जगाशी तुलना करायची नव्हती, माझ्या मागच्या मंगळवारशी करायची होती. काटा दरवेळी सारखाच चुकत असेल, तर वजन वाढलं की घटलं हे त्यावर कळतंच.

फ्लुइड घ्यायचं ठरलं. मुलगा जरा हिरमुसला, पण पावती फाडताना त्यानं एक मोलाची गोष्ट सांगितली: जुना फ्लुइड कधी घ्यायचा झाला तर डबीच्या सांध्यावर बोट फिरवून बघा, तेलकट लागलं तर सोडून द्या. एकदा गळायला लागला की तो दुरुस्तीच्या पलीकडे जातो.

काटा सारखाच चुकावा यासाठी मात्र शिस्त लागते, आणि ती ट्रेनरच्या खोक्यात येत नाही. टायरमध्ये दरवेळी तेवढीच हवा: मी १०० पीएसआय ठरवून टाकलं, पंपाच्या काट्यावर बघून. रोलरची गुंडी टायरला टेकल्यावर ठरलेले फेरे. पहिली दहा-बारा मिनिटं धरायचीच नाहीत, कारण तेल गार असतं आणि तापलं की त्याचा अडथळा बदलतो; आमच्याकडच्या जानेवारीच्या पहाटे हा फरक पायांना चांगलाच कळतो. टायरचाही विचार करावा लागला. साधा टायर रोलरवर घासून लवकर सपाट होतो आणि फरशीवर काळी भुकटी पडते. ट्रेनरसाठी कडक रबराचा वेगळा टायर मिळतो, पण तो घालून रस्त्यावर जायचं नाही, पकड नसते. म्हणजे दर रविवारी टायर बदला, परत घाला. यावर आमच्या दुरुस्तीवाल्यानं मार्ग काढला. तोच, रोड कमी पडलालाय का विचारणारा. कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या सायकलचं मागचं चाक आणि ९ ची जुनी कॅसेट त्यानं जुळवून दिली, ट्रेनरचा टायर त्यावर कायमचा चढवला. आता चाक बदलायला दोन मिनिटं लागतात. चाक जुळवायला त्यानं घेतलेले पैसे इथं लिहिले तर पुण्यातला मुलगा रडेल.

यंत्र निवडण्यापेक्षा जास्त डोकं खाल्लं ते वाऱ्यानं. बाहेर सायकल चालवताना हवा आपोआप अंगावरून जाते, घाम वाळतो, अंग गार राहतं. घरात सायकल जागेवर आणि हवा पण जागेवर. वीस मिनिटांत हँडलवरून थेंब गळायला लागतात, आणि हृदयाचे ठोके त्याच जोराला दहा-पंधरानं वाढलेले दिसतात. छताचा पंखा पुरत नाही. तो डोक्यावर फिरतो, घाम छातीवर असतो. मग मला सुचलं, घरात कूलर आहे. सोलापूरच्या कोरड्या हवेत कूलरसारखं सुख नाही. पहिली दहा मिनिटं स्वर्ग. पुढे खोलीतली हवा ओलसर झाली आणि घाम वाळेचना, अंगावर तसाच. कूलर पाणी हवेत मिसळून गार करतो, आणि घाम वाळायला हवी कोरडी हवा, दोघांचं भांडण. आता कूलरची टाकी रिकामी ठेवून त्याचा नुसता पंखा चालवते, खिडकी सताड उघडी. ही व्यवस्था उन्हाळ्यात टिकणार नाही हे मला कळतं, पण उन्हाळ्यात गाळप बंद असतं आणि साडेपाचला उजाडायला लागतं.

घामाचं दुसरं दुखणं सायकललाच. घाम खारट, तो हँडलच्या खालच्या बोल्टांवर आणि हेडसेटच्या, म्हणजे हँडल जिथे वळतं तिथल्या, बेअरिंगवर साचून गंज चढतो. बाहेर वाऱ्यानं उडून जातो, घरात तो सगळा एकाच जागी पडतो. यासाठी घामाची जाळी म्हणून एक वस्तू मिळते. सोलापुरात राहून ती विकत घेणं मला शोभलं नसतं. आमचा टेरी टॉवेल भौगोलिक मानांकनवाला आहे, आणि माझ्या तर पायाखालच विणला जातो. मालकांकडचे काठ चुकलेले टॉवेल मी घेते. एक हँडलवर, एक सीटच्या पुढच्या दांड्यावर, एक खांद्यावर. मागांचा त्रासही आहेच: कापसाचे बारीक तंतू उडून वर येतात आणि तेल लावलेल्या चेनला चिकटतात, दर आठवड्याला तिला करड्या लोकरीसारखं काहीतरी फुटतं. जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढते. यावर उपाय मिळालेला नाही.

घाटाची तयारी अशी करते: पुढच्या चाकाखाली दोन विटा, म्हणजे अंग चढावर असतं तसं मागे कलतं. १०-१२ मिनिटं तेल तापेपर्यंत हलकं, मग ११० ते १२० वॉटच्या मध्ये, पाय मिनिटाला साठ-पासष्ट फेऱ्यांवर, तास होईपर्यंत. हळू फिरवायचं कारण घाटात माझा सगळ्यात हलका गिअरही मला त्याहून जोरात फिरवू देत नाही. फ्लुइडमध्ये अडथळा वेगावर ठरतो, त्यामुळे हळू पायांनी तेवढे वॉट काढायचे तर मोठ्या गिअरवर जावं लागतं आणि चाक बाकी जोरात फिरतं. खऱ्या चढावर चाकही हळू असतं. डायरेक्ट ड्राइव्हवाले म्हणतील, आमच्याकडे हे हुबेहूब होतं. होतं, त्यांचं बरोबर आहे. उभं राहून जोर काढण्याचा सरावही माझ्या ट्रेनरवर नीट होत नाही, सायकल चौकटीत आवळलेली असते, डावी-उजवी झुलत नाही. तेवढ्यासाठी महिन्याकाठी एक रविवार तुळजापूरचा चढ, दिवसाउजेडी, वर-खाली करत.

पसरणी घाट पायउतार न होता झाला. तासाच्या वर किती, हे सांगत नाही. हिशेबात मी वाऱ्याला फार स्वस्तात सोडलं होतं.

मध्यंतरी शाळेतल्या एका मैत्रिणीनं विचारलं, कोणता घेऊ? मी नाव सांगितलं नाही, आधी तिची सायकल बघायला गेले. मागे क्विक रिलीजऐवजी आरपार जाणारा १२ मिलिमीटरचा आस, म्हणजे थ्रू ॲक्सल, डिस्क ब्रेक, ११ गिअर. घर जुळे सोलापुरात, चौथ्या मजल्यावर, इन्व्हर्टर आहे, नवरा आणि ती दोघं चालवणार आणि दोघांनाही पडद्यावर शर्यत लावायची हौस. तिला मी डायरेक्ट ड्राइव्हच घ्यायला सांगितला. रबराचे तुकडे मालकांकडून मागून दिले. ट्रेनर आला त्या दिवशी त्यांच्या इमारतीची लिफ्ट बंद होती, आणि ते अठरा किलो चौथ्या मजल्यावर चढवताना दोघांनी मिळून माझं नाव घेतलं म्हणे.